ठेका तोच, गाणारे नवे

जॉन मायॉलच्या 'ब्लूजब्रेकर्स' या बँडमध्ये कुणाचीच नोकरी पक्की नसे. १९६६-६७ मधलं लंडन. मायॉलनं तिशी ओलांडलेली, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या ब्लूज संगीतानं तो पुरता झपाटलेला. विशीतली पोरं त्याच्याकडं येत, हात तयार होई आणि मग ती निघून जात. एरिक क्लॅप्टन गेला आणि त्यानं जॅक ब्रूस व जिंजर बेकर यांना घेऊन 'क्रीम' काढलं. त्याच्या जागी पीटर ग्रीन आला. वर्षभरानं तोही गेला, तेव्हा अठरा वर्षांचा मिक टेलर आला आणि दोन वर्षांत थेट 'रोलिंग स्टोन्स'मध्ये जाऊन बसला. मायॉलनं यातल्या कुणाला अडवलं नाही. उलट ग्रीन जायच्या आधी त्यानं त्याला स्टुडिओतला थोडा वेळ भेट म्हणून दिला: जा, तुला हवं ते वाजव.

त्या मोकळ्या वेळात ग्रीननं सोबत दोघांनाच घेतलं. बास वाजवणारा जॉन मॅकव्ही आणि ड्रम वाजवणारा मिक फ्लीटवूड. मॅकव्ही १९६३ पासून मायॉलकडं होता. त्याआधी कर खात्यात उमेदवारी करत होता, आणि दारूपायी मायॉलनं त्याला कितीदा काढलं नि कितीदा परत घेतलं याला मोजदाद नव्हती. फ्लीटवूड साडेसहा फुटांच्या आसपास उंच, हवाई दलातल्या अधिकाऱ्याचा मुलगा. वाचता-लिहिता येण्याची मारामार, म्हणून शाळा सोडून पंधराव्या वर्षी ड्रम घेऊन लंडनला आलेला. मायॉलकडं तो काही आठवडेच टिकला. कारण तेच, दारू. या तिघांनी त्या दिवशी काही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातल्या एका नुसत्या वाद्यांच्या तुकड्याला नाव हवं होतं, तेव्हा ग्रीननं दोन साथीदारांची आडनावं जोडली: फ्लीटवूड मॅक.

पुढं स्वतःचा बँड काढताना त्यानं तेच नाव ठेवलं. हे करताना मॅकव्ही बँडमध्ये आलेलाही नव्हता. मायॉलकडचा नियमित पगार सोडायला तो तयार नव्हता. ग्रीननं 'मेलडी मेकर' साप्ताहिकातल्या जाहिरातीवरून बॉब ब्रनिंग नावाचा बासवादक मिळवला आणि त्याला सांगून ठेवलं की मॅकव्ही येईल त्या दिवशी तुझी जागा गेली. म्हणजे १३ ऑगस्ट १९६७ रोजी विंडसरच्या महोत्सवात 'फ्लीटवूड मॅक' पहिल्यांदा रंगमंचावर आला, तेव्हा त्यातला 'मॅक' रंगमंचावर नव्हताच. मायॉलनं बँडमध्ये सॅक्सोफोन वगैरे आणून जॅझचा सूर धरला, तेव्हा कुठं मॅकव्ही वैतागला आणि इकडं आला. ब्रनिंग काही कुरकुर न करता बाजूला झाला, पुढं शिक्षक झाला.

हा नावाचा मामला वरवर दिसतो तेवढा साधा नाही. गिटारवादकांना देव मानण्याचा तो काळ होता. क्लॅप्टन हाच देव, असं लंडनच्या भिंतींवर अक्षरशः रंगवलेलं असे. त्या गिटारवादकाची जागा घेऊन लोकांची तोंडं बंद करणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव लावायला कुणी हरकत घेतली नसती. रेकॉर्ड कंपनीनं तर पहिल्या एलपीवर 'पीटर ग्रीनचा फ्लीटवूड मॅक' असंच छापलं. पण ग्रीनचं मत पक्कं होतं. मी एक दिवस निघून जाईन, मग या दोघांकडं निदान एक बँड असावा, असं तो म्हणायचा. ही आठवण फ्लीटवूडनं पुढं वारंवार सांगितली आहे. आपल्या मैफलीत तबल्याच्या साथीदाराचं नाव निवेदनाच्या शेवटी येतं. इथं एका गायकानं ते दारावरच्या पाटीवर लिहिलं आणि स्वतःचं लिहायचं टाळलं. रॉक बँडांच्या इतिहासात भांडणं बहुधा पाटीवरून होतात. या बँडनं पुढच्या पन्नास वर्षांत गाणारे, गिटारवाले, देश, संगीत असं सगळं बदललं आणि तरी तो तोच बँड राहिला, याचं बरंचसं कारण ग्रीनच्या या एका निर्णयात आहे.

सुरुवातीचा बँड म्हणजे चोख ब्लूज. दुसरा गिटारवादक जेरेमी स्पेन्सर हा लिचफील्डचा बुटका, खट्याळ पोरगा. बोटात नळी घालून तारांवर घासत सूर काढायची ब्लूज गिटारवादक एल्मोर जेम्सची पद्धत त्यानं इतकी आत्मसात केली होती की त्यापलीकडं त्याला काही करायचंच नव्हतं. फेब्रुवारी १९६८ मध्ये पहिला एलपी आला आणि ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचला. ग्रीनचं 'ब्लॅक मॅजिक वुमन' त्याच वर्षीचं. आज ते गाणं बहुतेकांना गिटारवादक सांतानाचं वाटतं, कारण त्यानं ते दोन वर्षांनी जगभर पोहोचवलं.

ग्रीनच्या गिटारबद्दल इथं थोडं सांगायला हवं. १९५९ ची लेस पॉल. तारांचा आवाज टिपणाऱ्या तिच्या दोन पिकअपपैकी एकातलं चुंबक उलटं बसलेलं होतं. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की सूर एकमेकांना खात, जाडपणा निघून जाई आणि उरे तो काहीसा पोकळ, नाकातून आल्यासारखा आवाज. दुसऱ्या कुणी ती दुरुस्तीला टाकली असती. ग्रीननं त्या दोषावरच आपली शैली उभी केली. तो जलद वाजवतच नसे. एक सूर लावायचा, तो विझेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. बी. बी. किंगसारख्या ब्लूजमधल्या बुजुर्गानं या पोराचं तोंड भरून कौतुक केलं.

ऑगस्ट १९६८ मध्ये डॅनी कर्वन आला. वय अठरा. ग्रीनला गाण्यांवर मिळून काम करणारा सोबती हवा होता आणि स्पेन्सर त्याच्या गाण्यांवर वाजवायला उत्सुक नसे. कर्वन हळवा होता, वाजवताना त्याचे डोळे भरून येत. दोन गिटार एकमेकींच्या अंगानं चालायला लागल्या आणि 'अल्बट्रॉस' जन्मलं. शब्द नाहीत, धून साधी. फ्लीटवूड लाकडी काठ्या ठेवून देतो आणि मऊ गोळ्यांच्या काठ्यांनी ड्रम नुसते घुमवतो. मॅकव्ही खाली तेच ते मोजके सूर फिरवत राहतो. जानेवारी १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच महिन्यात ही मंडळी शिकागोच्या चेस स्टुडिओत विली डिक्सन, ओटिस स्पॅन, बडी गाय अशा अस्सल ब्लूजवाल्यांच्या मांडीला मांडी लावून वाजवत होती. एल्मोर जेम्सला साथ केलेला सॅक्सोफोनवादक जे. टी. ब्राउन शेजारी उभा आहे म्हटल्यावर स्पेन्सरला स्वर्ग ठेंगणा झाला असणार. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी ग्रीन ब्लूजच्या पलीकडं निघाला होता. अनुकरणाची कमाल मर्यादा शिकागोत गाठली गेली आणि बँडनं ती वाट सोडली.

नंतर ग्रीन खरंच निघून गेला, पण त्यानं मनाशी योजलं असेल तसं नाही. पैसा त्याला टोचायला लागला. तो झगे घालू लागला, कमाई दान करा म्हणून इतरांच्या मागं लागला. मार्च १९७० मध्ये म्युनिकमध्ये कार्यक्रमानंतर काही श्रीमंत तरुणांनी त्याला आपल्या घरी नेलं, तिथं एलएसडीची नशा झाली. तो तिथून पूर्वीचा परतलाच नाही, असं बँडमधल्यांचं कायम म्हणणं राहिलं. ग्रीन स्वतः सगळं खापर त्या रात्रीवर फोडायला तयार नसे. मे महिन्यात त्यानं बँड सोडला. पुढं स्किझोफ्रेनियाचं निदान, विजेचे झटके, इस्पितळं. ती लेस पॉल त्यानं गॅरी मूर या तरुण गिटारवादकाला किरकोळ किमतीत देऊन टाकली.

उरलेले चौघं हॅम्पशरमधल्या एका जुन्या घरात बायकामुलांसह एकत्र राहू लागले. बँड मोडावा, असंही बोलणं झालं. फ्लीटवूडनं एकेकाला गाठून समजूत काढली. हे काम तो पुढं आयुष्यभर करणार होता. त्याच घरात मॅकव्हीची बायको क्रिस्टीन होती. माहेरचं आडनाव परफेक्ट. बर्मिंगहॅमला शिल्पकला शिकलेली, लंडनच्या एका मोठ्या दुकानात काचेआडची सजावट करायची नोकरी केलेली, आणि 'चिकन शॅक' या ब्लूज बँडची गायिका-पियानोवादक म्हणून नाव कमावलेली. 'मेलडी मेकर'च्या वाचकांनी तिला १९६९ मध्ये सर्वोत्तम गायिका ठरवलं होतं. पण नवऱ्याची गाठभेट व्हावी म्हणून तिनं 'चिकन शॅक' सोडलं होतं. बँडच्या 'किल्न हाउस' या एलपीचं मुखपृष्ठ तिनं काढलं, त्यावर पियानोही वाजवला, वादकांच्या यादीत मात्र नाव नाही. अमेरिकेचा दौरा तोंडावर आला, ग्रीनची पोकळी भरेना, तेव्हा १९७० च्या ऑगस्टमध्ये ती रीतसर बँडमध्ये आली. गाणी तिला तोंडपाठ होतीच. आल्या आल्या बँडचा आवाज बदलला. गिटारींमधल्या रिकाम्या जागा पियानोनं भरल्या, आणि प्रथमच एक शांत, खालच्या पट्टीतला बाईचा आवाज आला.

फेब्रुवारी १९७१. बँड लॉस एंजेलिसला पोहोचला. स्पेन्सर हॉटेलातून पुस्तकांच्या दुकानात जाऊन येतो म्हणून बाहेर पडला आणि परतलाच नाही. पोलिसांत वर्दी, शोधाशोध. काही दिवसांनी तो 'चिल्ड्रन ऑफ गॉड' या पंथाच्या ठिकाणी सापडला. डोकं भादरलेलं, नाव बदललेलं. परत यायला त्यानं नकार दिला. दौरा अर्धवट सोडला तर कर्ज डोक्यावर बसणार. शेवटी इंग्लंडला फोन करून ग्रीनलाच बोलावलं. तो आला, पण जुनी गाणी म्हणणार नाही, मनाला येईल ते वाजवीन, या अटीवर. रोज रात्री तासभर नुसती मनसोक्त उपज चालायची. लोकांना ते आवडलंही.

मग कॅलिफोर्नियाचा बॉब वेल्च आला. तो पॅरिसमध्ये फाके मारत होता, ओळखीतून त्याचं नाव सुचलं. फ्लीटवूडची माणूस निवडायची पद्धत न्यारीच. वाजवून दाखव असं म्हणायचं नाही, चार दिवस सोबत राहायचं, गप्पा मारायच्या, पटलं तर घ्यायचं. ब्लूजशी वेल्चचं देणंघेणं कमी. त्याची गाणी तरंगती, थोडी जॅझकडं झुकणारी. हा १९७१ ते ७४ चा काळ लोक मधला कोरडा पट्टा म्हणून ओलांडून जातात. माझं मत वेगळं आहे. १९७२ चा 'बेअर ट्रीज' काढून ऐका. कर्वनची कातर गिटार, क्रिस्टीनचा संथ गळा, वेल्चचं धुकं, असे तीन वेगळे स्वभाव एका एलपीवर नांदतात आणि ते एकसंध वाटतात ते खालच्या त्या दोघांमुळं. मॅकव्ही ठेक्याच्या किंचित मागं राहून, कमीत कमी सूर लावतो. फ्लीटवूड त्याच्या अंगावर रेलून वाजवतो. वर कोण गातं याची त्यांना फिकीर नसते.

कर्वनचा शेवट ओंगळ झाला. ऑगस्ट १९७२ मध्ये एका कार्यक्रमाआधी तारा जुळवण्यावरून वेल्चशी बाचाबाची झाली. कर्वननं डोकं भिंतीवर आपटून घेतलं, आपली लेस पॉल फोडली आणि रंगमंचावर यायला साफ नकार दिला. बाकीचे त्याच्याविना कसेबसे वाजवत असताना तो प्रेक्षकांत ध्वनियंत्रणेपाशी बसून बघत राहिला, आणि कार्यक्रम संपल्यावर आत येऊन तुमचं काय काय चुकलं ते सांगू लागला. त्याला काढलं. बाविशीतला पोरगा. पुढचं त्याचं आयुष्य दारूत आणि बेघरांच्या वसतिगृहांत गेलं. २०१८ मध्ये तो वारला. बँडची ही बाजू मला आजही खुपते: तीन गिटारवादक मनानं मोडून पडले आणि ठेका चालू राहिला.

पुढचे दोघे झटपट आले नि गेले. डेव्ह वॉकर हा गायक वर्षभरही टिकला नाही. बॉब वेस्टन उत्तम गिटारवादक, पण फ्लीटवूडच्या बायकोशी त्याचं प्रकरण चालू झालं. काही काळ फ्लीटवूड त्याच्यासोबत रोज रात्री निमूटपणे वाजवत राहिला. ऑक्टोबर १९७३ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन इथं सहनशक्ती संपली, वेस्टनला घरी पाठवलं आणि दौरा गुंडाळला.

इथं या कथेतला सर्वांत विलक्षण प्रसंग येतो. दौरा थांबल्यानं व्यवस्थापक क्लिफर्ड डेव्हिसचं नुकसान होत होतं. त्यानं जाहीर केलं की 'फ्लीटवूड मॅक' हे नाव माझ्या मालकीचं आहे. मग ज्यांचा या बँडशी काडीचाही संबंध नाही असे वादक गोळा करून त्यानं १९७४ च्या सुरुवातीला त्यांना त्याच नावानं अमेरिकेत उभं केलं. फ्लीटवूड लवकरच तुमच्यात सामील होणार आहे, असं त्यांना सांगितलं होतं, असं त्या वादकांचं म्हणणं. फ्लीटवूडनं ते साफ नाकारलं. तिकीट काढून आलेल्या लोकांना रंगमंचावर एकही ओळखीचा चेहरा दिसेना. ओरडा झाला, पैसे परत मागितले गेले, दौरा कोसळला. त्या वादकांनी पुढं 'स्ट्रेच' नावाचा बँड काढला आणि फ्लीटवूडला उद्देशून एक चिडकं गाणं केलं. ते चांगलं गाजलं.

माणसं बदलूनही बँड तोच राहतो, तर किती बदलली म्हणजे तो राहत नाही? डेव्हिसचा युक्तिवाद ऐकायला अगदीच वेडगळ नव्हता. सात वर्षांत एवढे आले-गेले, आणखी पाच नवे आले तर काय बिघडलं? प्रकरण कोर्टात गेलं आणि खरा बँड जवळपास वर्षभर ठप्प झाला. पण ज्या दोन आडनावांवरून नाव पडलं ती माणसं हयात होती आणि समोर उभी होती. दुसरं कुठलंही नाव असतं तर वकिलांनी ते कागदांच्या ढिगात कुठंही हरवलं असतं.

वेल्चच्या आग्रहानं मंडळी इंग्लंड सोडून १९७४ मध्ये लॉस एंजेलिसला आली, म्हणजे निदान रेकॉर्ड कंपनीच्या दारात तरी राहू. नवा एलपी बरा चालला, पण सततच्या खटल्यांना आणि प्रवासाला कंटाळून वर्षाअखेर वेल्चच गेला. तोवर फ्लीटवूडनं पुढच्या एलपीसाठी व्हॅन नाइज इथला साउंड सिटी स्टुडिओ बघून ठेवला होता. ध्वनिमुद्रक कीथ ऑल्सननं स्टुडिओचा आवाज कसा येतो ते दाखवायला एक टेप लावली. ती 'बकिंगहॅम निक्स' नावाच्या जोडीच्या १९७३ च्या एलपीतली होती. एलपी आपटला होता, कंपनीनं जोडीला काढून टाकलं होतं. लिंडसी बकिंगहॅम पडेल ते गिटारकाम करत होता, स्टीव्ही निक्स हॉटेलात वेट्रेस होती आणि ऑल्सनच्या घरची साफसफाईही करत होती. फ्लीटवूडच्या डोक्यात गिटारवादक राहिला. वेल्च गेल्यावर त्यानं फोन केला. बकिंगहॅमनं अट घातली: येऊ तर दोघं. निर्णय क्रिस्टीनवर सोपवला गेला, कारण बँडमध्ये दुसरी बाई येणार होती. एका मेक्सिकन हॉटेलात सगळे जेवले, दोघींचं जमलं, विषय संपला. वाजवून दाखवायला याही वेळी कुणी सांगितलं नाही.

तालमीच्या पहिल्याच दिवसांतली गोष्ट क्रिस्टीननं सांगून ठेवली आहे. तिनं आपलं नवं 'से यू लव्ह मी' पियानोवर सुरू केलं. ध्रुपद आलं आणि समोरच्या दोघांनी, आधी काहीही न ठरवता, वरची आणि मधली पट्टी धरली. तीन गळे एकदम जुळले. तिच्या अंगावर काटा आला. बँडला आजवर चांगले गाणारे मिळाले होते, असा मिळून गाणारा गळा कधी मिळाला नव्हता.

बकिंगहॅमला मात्र स्वतःला कापून घ्यावं लागलं. तो गिटार प्लेक्ट्रमशिवाय, नुसत्या बोटांनी, बँजोसारखी छेडायचा आणि एकट्याच्या गिटारीत सगळा मजकूर भरायची त्याला सवय. इथं बास भरदार, पियानो भरदार. त्याची पातळ आवाजाची टेलीकास्टर त्यात बुडून जाई, म्हणून लेस पॉल घ्यावी लागली आणि सूर कमी करावे लागले. उलट दिशेनं त्यानं इतरांना काय वाजवायचं ते सांगायला सुरुवात केली. एकदा त्यानं मॅकव्हीला बासची चाल समजावून दिली, तेव्हा मॅकव्हीनं शांतपणे आठवण करून दिली की तू ज्या बँडमध्ये आलास त्याच्या नावातला 'मॅक' मी आहे. याच मॅकव्हीनं ऑल्सनपाशी कुरकुर केली होती की आपण ब्लूजपासून फार लांब आलो. बँकेकडं जायला मात्र हाच रस्ता जवळचा, असं ऑल्सननं त्याला ऐकवलं.

१९७५ चा 'फ्लीटवूड मॅक' हा एलपी वर्षभराहून अधिक काळ हळूहळू चढत सप्टेंबर १९७६ मध्ये अमेरिकेत पहिला आला. तोवर पुढच्या एलपीचं, 'रूमर्स'चं, काम निम्म्यावर आलं होतं आणि घरं मोडली होती. क्रिस्टीन नि मॅकव्ही वेगळे झाले होते, बकिंगहॅम नि निक्सचं संपलं होतं, फ्लीटवूडचा घटस्फोट चालू होता. सॉसालिटोच्या खिडक्या नसलेल्या स्टुडिओत पाचही जण रोज एकमेकांसमोर बसत आणि एकमेकांबद्दलची गाणी एकमेकांकडून वाजवून घेत. क्रिस्टीननं आपल्या नव्या प्रेमावर गाणं लिहिलं आणि बास वाजवणाऱ्या माजी नवऱ्याला सांगितलं की हे माझ्या कुत्र्यावर आहे. 'रूमर्स'ची ही भाऊबंदकी इतकी सांगितली गेली आहे की गाणी तिच्याखाली दबतात. मला त्यातला कामाचा भाग जास्त रंजक वाटतो.

'गो युअर ओन वे' घ्या. बकिंगहॅमला रोलिंग स्टोन्सच्या 'स्ट्रीट फायटिंग मॅन'सारखा सरळ दणका हवा होता. त्यानं तो फ्लीटवूडला वाजवून दाखवला. फ्लीटवूडला तो तसा जमेना. पाहिलेलं जसंच्या तसं उचलणं त्याला कधीच जमलं नाही, याचा संबंध तो स्वतः आपल्या डिस्लेक्सियाशी लावतो. त्यानं घाव भलत्याच जागी टाकले, टॉमवर गोल गोल फिरत राहिला. आज त्या गाण्यातून तो अडखळता, पुढं झेपावणारा ठेका काढला तर फार काही उरत नाही. 'द चेन' तर कात्रीनं आणि चिकटपट्टीनंच बनलं. क्रिस्टीनचं एक फसलेलं गाणं होतं. त्याचा शेवट तेवढा राखला, अलीकडचं सगळं फेकलं, निक्सचे शब्द घातले, बकिंगहॅमनं सुरुवात जोडली. मध्ये सगळं थांबतं आणि मॅकव्हीचा बास एकटा चालत येतो. पाचही जणांचं नाव लेखक म्हणून लागलेलं एलपीवरचं ते एकमेव गाणं. ब्रिटनमध्ये ती बासची चाल लोकांना मोटारशर्यतींच्या प्रक्षेपणाची धून म्हणून पाठ झाली.

काम इतकं लांबलं की टेपच झिजली. महिनोन्महिने तीच टेप पुढंमागं फिरवल्यानं तिच्यावरचा थर उडाला, ड्रमचा कडकपणा जाऊन नुसता थपथप आवाज राहिला. सुदैवानं मूळ वाजवणुकीची दुसरी टेप जपून ठेवलेली होती. ती एका यंत्रावर, झिजलेली दुसऱ्या यंत्रावर. कानाला हेडफोन लावून, एका कानात एक टेप आणि दुसऱ्या कानात दुसरी ऐकत, वेग हातानं किंचित कमीजास्त करत एका जाणकारानं दोन्ही टेपा गाण्यागणिक जुळवल्या. ते फसलं असतं तर वर्षभराचं काम मातीत गेलं असतं. ४ फेब्रुवारी १९७७ रोजी 'रूमर्स' बाहेर आला. अमेरिकेत तो ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता आणि आजवर त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या.

पुढं काय करायचं यावर बकिंगहॅमचं उत्तर होतं: तेच परत करायचं नाही. १९७९ चा 'टस्क' हा दुहेरी एलपी दहा लाख डॉलर खाऊन बसला. त्यासाठी बकिंगहॅम घरी न्हाणीघराच्या फरशीवर ओणवा होऊन गायला, टिश्यूची खोकी बडवली. शीर्षकगीतासाठी एका विद्यापीठाचं शंभरावर वादकांचं बँडपथक डॉजर स्टेडियममध्ये आणून वाजवून घेतलं. चित्रीकरणाच्या दिवशी मॅकव्ही दूर ताहितीला होता, म्हणून त्याचा पुठ्ठ्याचा पुतळा मैदानात फिरवला. चाळीस लाखांच्या घरात खपलेला एलपी कंपनीच्या हिशेबात अपयशी ठरला. माझ्या लेखी तो त्यांचा सर्वांत धीट एलपी आहे. थोडा फुगलेला, पण धीट.

यानंतरची चार दशकं भरभर सांगता येतात. १९८७ मध्ये बकिंगहॅम गेला, त्याच्या जागी दोन गिटारवादक आले. नव्वदच्या दशकात एक एलपी निक्स आणि बकिंगहॅम दोघांविना निघाला, कुणी घेतला नाही. १९९७ मध्ये जुने पाचजण परत एकत्र आले. पुढच्या जानेवारीत 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये बँडचा सन्मान झाला तेव्हा ग्रीन, स्पेन्सर आणि कर्वन यांचीही नावं घेतली गेली, आणि ग्रीन त्या रात्री 'ब्लॅक मॅजिक वुमन' वाजवायला उभा राहिला तो सांतानासोबत. त्याच वर्षी क्रिस्टीननं विमानप्रवासाच्या धसक्यानं सगळं सोडलं आणि इंग्लंडात केंटमध्ये जाऊन राहिली. २०१४ मध्ये परत आली. २०१८ मध्ये बकिंगहॅमलाच काढलं. त्यानं दावा लावला, तडजोड झाली, त्याच्या जागी दोन नवे लोक घेऊन दौरा पार पडला. म्हणजे एकावन्न वर्षांनंतरही रीत तीच.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी क्रिस्टीन मॅकव्ही गेली. जाणाऱ्याची जागा या बँडनं आजवर दरवेळी भरून काढली होती. कुणी शुद्ध हरपून गेला, कुणी पंथात गेला, कुणाला हाकललं, तरी पुढच्या दौऱ्याची तिकिटं छापली गेली. या खेपेला निक्सनं पुढच्या वर्षी सरळ सांगून टाकलं की क्रिस्टीनशिवाय हा बँड चालवण्यात अर्थ नाही. ज्यांच्या आडनावांनी बँड सुरू झाला ते दोघेही त्या वेळी हयात होते, पण नवा गायक शोधायला कुणी निघालं नाही.